मला गोड मानवत नाही

मी शेवंती, चेरीतालच्या रत्नाकरभाऊंची पांढरी घोडी. जबलपुरातले कितीतरी नवरदेव मी पाठीवर मिरवले आहेत.

वरात निघण्याआधी नवरदेवाची बहीण घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ भरवते. इकडची रीतच आहे. मामा-काका वाटेत देतात ते वेगळंच. मी आनंदानं खात गेले. माघात एका सकाळी उठले, तर पुढचे पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे वाटले. खूर गरम झालेले. मी अंग मागे टाकून उभी, पाऊल उचलेना.

जनावरांच्या डॉक्टर विनीता मॅडम म्हणाल्या, हिच्या अंगाला साखर सोसत नाही. गूळ, चणा, जव, कोवळं गवत, सगळं बंद.

पाय हळूहळू निवले, पण भीतीपोटी भाऊंनी माझा सगळाच चारा कमी केला. मी वाळत गेले. बँडवाला म्हणाला, "भैया, ये घोड़ी है कि खटिया?" भाऊ हसले नाहीत. घरी त्यांनी बायकोला, विभावरीवहिनींना सांगितलं, "कार्तिकात लग्नं सुरू होईपर्यंत अंगानं भरली नाही तर देऊन टाकू कोणाले." मी ते ऐकलं. त्या दिवशी पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

वहिनींनी मॅडमना पुन्हा बोलावलं. तेव्हा कळलं, गोड बंद म्हणजे उपास नव्हे. वाळलं गवत तासभर भिजवायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर कमी होते. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यायचं. त्यात दळलेली अळशी, आणि एका चमच्यापासून वाढवत नेलेलं सोयाबीनचं तेल. आठ दिवस मी तेलाच्या वासानं तोंड फिरवलं. वहिनी घमेलं धरून उभ्या राहिल्या. मी भरतेय का ते पाहायला दर रविवारी त्या शिवणकामाच्या दोन टेपा जोडून माझ्या छातीभोवती गुंडाळत. आषाढात पहिल्यांदा त्यांचं बोट टेपेवर पुढं सरकलं.

आणि आज पोळा. हे घर मूळचं अमरावतीकडचं. दारात बैल नाहीत, म्हणून पोळा माझाच असतो. वहिनी बाजारात गेल्या होत्या आणि भाऊंच्या आई, राधाबाई, ताटात पुरणपोळी घेऊन आल्या. त्यांना स्वतःला साखरेचा आजार. सकाळीच त्या कुरकुरत होत्या, "माह्या चहातली साखर गेली, आता हिचा निवदही बंद करून राहिले काय?"

पुरणाचा वास आला आणि माझी जीभ सगळं विसरली. मी दावं ताणून मान लांब केली.

पण घास देण्याआधी पाय धुवायचे असतात. राधाबाईंनी तांब्यानं पाणी घातलं, खुरावरून हात फिरवला, आणि हात तिथंच थांबला. दुखण्यानंतर माझ्या खुरांवर आडव्या वळ्या उमटल्या आहेत. त्यांचं बोट एकेका वळीवरून गेलं.

"इतकं दुखलं होतं काय वं तुले?"

त्यांनी ताट पदराखाली झाकलं. मला हळदकुंकू लावलं आणि भिजल्या गवताची मूठ तोंडाशी धरली. खरं सांगते, मी रुसले. मग खाल्लं.

कार्तिकाला अजून दोन महिने आहेत. मी भरेन की नाही, या घरी राहीन की नाही, मला ठाऊक नाही. पण कुण्या वरातीत भेटले, तर ताई, गुळाची वाटी लांब ठेवा आणि नुसती माझी मान थोपटा. मी तोंड पुढं करीनच. तुम्ही देऊ नका.