कटकट जपणारा सर्व्हर

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात शिवणयंत्रांच्या रांगेत शेवटी जो काळा खोका दिसतो ना, तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे एकाच वेळी अनेकांच्या कामाला पुरणारा संगणक. निदान माझा तसा समज होता.

मला आणलं शिंपीबाबांच्या मुलीने, ताईने. तिने आणि तिच्या मावसभावाने एक छोटा उद्योग काढला होता. गावोगावच्या शिंप्यांनी मापं पाठवायची आणि मी क्षणात कापड कसं बेतायचं त्याचा नकाशा परत पाठवायचा. मला बेतायला शिकवलं बाबांनी. ते सांगत, ताई टिपून घेई. ढेरपोट्या गिऱ्हाइकाला किती सैल ठेवायचं, शिवणीपलीकडे किती माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची. सूचना काही संपेनात. ताईने त्यांची फाइल वेगळी ठेवली आणि तिला नाव दिलं, 'बाबांची कटकट'.

रोज चाळीस-पन्नास शिंपी मापं पाठवत. मी ऐटीत होतो. मग आमचं नाव गावोगावी पसरलं, शाळा उघडण्याआधीचा गणवेशांचा हंगाम आला आणि एका सकाळी तीन हजार शिंप्यांची मापं एकदम आली. मी तापलो, घरघरलो आणि बंद पडलो. तिकडे शिंपी कात्री हातात धरून खोळंबले. दुपारपर्यंत काम सुरू झालं नाही, तर ते पुन्हा फिरकणार नाहीत, हे ताईला ठाऊक होतं.

मावसभाऊ म्हणाला, क्लाउडवर जाऊ. बाबांनी छताकडे पाहिलं. ताईने त्यांना समजावलं, की ढगबिग काही नाही. दूर एका मोठ्या इमारतीत हजारो संगणक असतात, लागतील तितके तासावर भाड्याने घ्यायचे, काम सरलं की परत करायचे.

"मग सरळ सांग की," बाबा म्हणाले. "हंगामात मी चार मशिनं भाड्याने आणतो, तसंच. विकत घेऊन वर्षभर धूळ कोण पुसणार?"

तासाभरात वीस संगणक तयार झाले. विकत आणायचे, तर महिना गेला असता. खोटं कशाला सांगू, माझ्यासाठी भंगारवाल्याला निरोपही गेला.

पण काम सुरू करण्याआधी बाबांनी पहिला नकाशा छापून मागितला, टेबलावर पसरला आणि पट्टी लावली.

"यात पोरगं शिरणार कसं? माया कुठंय?"

ताईचा चेहरा उतरला. घाईत तिने आपल्या लॅपटॉपवरून सगळं तिकडे नेलं होतं, वेगळी ठेवलेली फाइल तेवढी राहिली होती. ती फक्त माझ्या पोटात होती.

मावसभावाने पंखा माझ्याकडे वळवला. ताईने बटण दाबलं. मी होता नव्हता तो जोर लावला आणि सुरू झालो. 'बाबांची कटकट' वीसही संगणकांवर पोहोचली आणि बाराच्या आत तीन हजार शिंप्यांना नकाशे मिळाले. भंगारवाला आला तसा रिकाम्या हाताने गेला.

हंगाम सरल्यावर अठरा संगणक परत केले. दोन पुरतात.

मित्रांनो, मोठं काम अंगावर आलं तर घाबरू नका. जास्तीचे हात झटपट आणि स्वस्तात भाड्याने मिळतात. तुमच्या घरचं शहाणपण मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्याची एक प्रत जवळ असू द्या. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या पोटात काय आहे, ते एकदा बघा.

दर शनिवारी ताई माझी धूळ पुसते आणि सगळ्या कामाची प्रत माझ्यात ठेवते. बाबा अजून नवं काहीतरी सांगतातच. फाइल वाढत चालली आहे. नाव तेच आहे.