न दुखणारं बोट

"वयनी, पाय बघू जरा."

"पाय काय बघायचाय? पाय पान्यात हाय."

येसूबाई ओटीवर पाट टाकून बसली होती. दोन्ही पाय घमेल्यात. ती माझी मोठी भावजय. आमची घरं शेजारी शेजारी, मधे फक्त गोठा. मी कर्जतला दूध घालून कडावला परत आलो होतो, रिकाम्या किटल्या अजून हातात होत्या. अंगणात पाय ठेवताच वास आला. सकाळची ताडी दुपारपर्यंत उन्हात राहिली की आंबते, तसा.

"कसलं पानी हाय हे?"

"सफरचंदाचं."

"सफरचंदाला असला वास?"

"तुमी दुधातलं पानी बघा, भावजी. विनितानं मागवलंय. चिखल्यांना चांगलं असतं."

आमच्याकडे लावणी उरकली की बायकांच्या पायांना चिखल्या होतात. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फुटतात, खाजतात. पूर्वी मेंदी वाटून भरायचे. यंदा आमच्या घरात सफरचंदाचं विनेगर आलं. घमेलंभर पाण्यात थोडंसं टाकायचं आणि पाय बुडवून बसायचं. येसूबाईच्या चिखल्या त्याने खरोखर सुकल्या. खोटं कशाला बोलू?

विनिता ही तिची सून, माझा पुतण्या हरेश याची बायको. माहेर चौकचं. तिथे भावाच्या ढाब्यावर कांद्यात विनेगर घालतात, म्हणून तिला ते नवीन नव्हतं. पण हे वेगळं, सफरचंदाचं, बाटलीच्या तळाशी गढूळ साका असलेलं. मोबाईलवर कोणी बाई रोज त्याचे गुण सांगायची, ते ऐकून तिने मागवलं. मग घरात त्याला कामंच कामं निघाली. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तो विनेगरच्या फडक्याने निघाला. सुकट साफ केल्यावर हाताला लागलेला वास गेला. डोक्यावरून शेवटचा तांब्या घेताना त्यात थोडं टाकलं की केस मऊ राहतात म्हणे. आणि जेवणाआधी ग्लासभर पाण्यात चमचाभर विनेगर घालून येसूबाई पिऊ लागली, साखरेसाठी. पिताना असं तोंड करायची की तिचा नवरा, माझा थोरला भाऊ चांगोदादा, हसायचा.

"माझ्याशी लग्न झालं तवा असंच तोंड केलं होतं हिनं."

"तवाचं तोंड अजून सरळ झालं नाय," ती म्हणायची.

विनिताकडे साखर तपासायचं लहान मशीन होतं. भात खाल्ल्यावरचा आकडा जरा उतरलेला दिसला. त्या आनंदात येसूबाईने घरात शिरा केला.

सगळे हसले. मीही हसलो. पण तिला साखर आहे, हे माझ्या मनातून जात नव्हतं. माझ्या बायकोला, सुनंदालाही साखर होती. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात तिच्या टाचेत काटा मोडला आणि तिला कळलंच नाही. घरात ओले ठसे उमटले होते, त्यातला एक लाल होता. तो मी पाहिला. "दुखत नाय ओ," ती म्हणाली. डॉक्टरांनी टाच साफ केली, मग पाय घोट्यापासून काढला, मग मूत्रपिंडं गेली, आणि दिवाळीच्या आत सुनंदा गेली. आजारपणात शेवटपर्यंत ती तेच म्हणत होती. दुखत नाय.

तेव्हापासून माझं ताट येसूबाईच्या घरी असतं. मी मागितलं नव्हतं. बाराव्याचे पाहुणे गेले त्या संध्याकाळी ती गोठ्यातून आली आणि म्हणाली, "भावजी, चूल पेटवू नका. भाकरी टाकल्यात." एवढंच.

श्रावण सरता सरता चिखल्या पूर्ण गेल्या आणि येसूबाईला कुरूप आठवलं. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला, टोकाशी, तिचं फार जुनं कुरूप होतं. मी जेवत होतो. ती भाकरी वाढताना सांगत होती.

"कापूस भिजवायचा, कुरुपावर ठेवायचा, वर चिंधी बांधून निजायचं. गळून पडतं म्हनं."

"पानी घालून?"

"पानी घालून काय होनार? कच्चंच."

"जळत नाय?"

"जळतं म्हनं कुनाकुनाला. मला काय नाय. उलट गार वाटतं. मला सोसतंय ते."

मी हातातला घास खाली ठेवला. चांगल्या कातडीला कच्चं विनेगर झोंबतं. माझ्या बोटाला विळ्याने कापलं होतं, त्यावर चुकून उडालं तेव्हा मी हातातली किटली सोडून दिली होती. हिला गार वाटत होतं.

"वयनी, दाखवा बरं बोट."

तिने पाय लुगड्याखाली घेतला. "दिराला काय पाय दाखवायचे? पाया पडायचं असल तं पडा, आशीर्वाद देते."

"खरंच सांगतो. सुनंदाला..."

"दशा," चांगोदादा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "तुला समद्या बायकांच्या पायात सुनंदाच दिसते रं. जेव."

मी जेवलो. पण त्यानंतर माझं लक्ष तिच्या चालण्यावर राहिलं. पहाटे धार काढताना पलीकडे ती अंगण झाडायची, तेव्हा मी म्हशीच्या पोटाला डोकं टेकून तिची पावलं ऐकायचो. लंगडली असती तर बरं वाटलं असतं. ती मुळीच लंगडत नव्हती. चिंधी मात्र रोज पायाला असायची, कधी पांढरी, कधी जुन्या साडीची. मी विनिताला एकदा विचारलं. ती म्हणाली, "काका, आई मला हातच लावू देत नाहीत. बरं होतंय म्हणतात." गोळ्यांचं विचारलं तर तिलाही नीट माहीत नव्हतं. एकदा वाटलं, ती निजली की चिंधी सोडून बघावी. पण भावजय ती. असं कसं बघणार?

गणपती आले. गौरी आल्या. गौरी पूजनाच्या दिवशी आमच्यात तिखटाचा, म्हणजे मटण-वड्यांचा, नैवेद्य असतो. घर सकाळपासून वड्यांच्या वासाने भरलेलं. आरती झाली आणि लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. हरेश पडला, विनिता पडली. मी दादाच्या पाया पडलो आणि येसूबाईसमोर वाकलो.

दरवर्षी मी बोटं टेकवून उठतो. या वेळी दोन्ही हातांनी पाय धरले, कपाळ टेकवलं आणि उजव्या अंगठ्याचं नख चिंधीवरून त्या बोटात रोवलं. म्हशीच्या कासेजवळची गोचीड काढताना लावतो तेवढा जोर लावला.

"सुखी ऱ्हावा," येसूबाई वरून म्हणाली. तिचा हात माझ्या डोक्यावर होता, तो जरासुद्धा हलला नाही. "विनिता, कढईकडं बघ गं, वडे करपतील."

मी आणखी दाबलं. ती दारात आलेल्या कोणाशी तरी बोलू लागली होती.

उठलो तेव्हा माझा अंगठा ओला होता. विनेगरचा वास होता आणि त्याखाली दुसरा वास होता. तो मला ठाऊक होता. मागे मोरीत जाऊन मी हात धुतला. मग पुन्हा धुतला.

पानं मांडली. माझ्यासमोर ताट आलं. मी ते पुढे सरकवलं.

"काय झालं?" येसूबाई म्हणाली. "मीठ नाय काय?"

"मी जेवनार नाय."

"का?"

"तुमी दवाखान्यात चला. मग जेवतो."

"गौरी घरात बसल्यात आनि मी दवाखान्यात? येडे झालात काय? उद्या बोळवन झाली की जाऊ."

"उद्या नाय. आता."

चांगोदादा भडकला. "सनाच्या दिवशी ताट सारतोस? दशा, तुझं दुःख मला कळतंय रं, पन घरात सुवासिनी जेवायच्या हायत. असा अपशकुन..."

"दादा, मी आता तिच्या बोटात नख रोवलं. जोर लावून. तिला कळलं नाय. विचार."

सगळे येसूबाईकडे बघू लागले. ती माझ्याकडे बघत होती.

"कधी?" तिने विचारलं.

"पाया पडताना."

विनिता कढईवरून उठून आली, खाली बसली, आणि सासूने पाय मागे घ्यायच्या आत चिंधी सोडली. बोटाचं टोक भिजवलेल्या पोह्यासारखं पांढरं झालं होतं. कुरूप होतं तिथे खळगा पडला होता आणि त्याच्या कडा काळ्या होत्या. काळं नखाखालून वर चढलं होतं.

"आई, मी पाणी घालून सांगितलं होतं ना!" विनिता रडायला लागली.

"ते चिखल्यांना सांगितलंस. कुरुपाला कुठं सांगितलंस?"

"आणि गोळ्या? गोळ्या तरी चालू आहेत ना?"

येसूबाई गौरीकडे बघत म्हणाली, "सकाळची घेते. रातची सोडली. ते पानी पिते ना मी. साखर उतरली होती, तूच म्हनालीस."

हरेश टेंपो काढायला गेला. येसूबाई उठली. तिने लुगडं सारखं केलं, गौरीला हळदकुंकू वाहिलं, आणि माझं ताट उचलून कोनाड्यात ठेवून त्यावर परात झाकली.

"आल्यावर जेवायचं," ती मला म्हणाली. "नाटकं नाय करायची."

टेंपोत ती आणि दादा पुढे बसले. मी आणि विनिता मागे, दुधाच्या मोकळ्या कॅनांमध्ये. कर्जत येईपर्यंत मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होतो आणि तोंडात सुनंदाचं येत होतं.

डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. सुनंदाच्या वेळचे डॉक्टरही शेवटी रागवायचे थांबले होते. यांनी पायाला ठिकठिकाणी एक बारीक दोरा टेकवला आणि "कळतंय का?" असं विचारत राहिले. येसूबाई आधी खोटं बोलली, "कळतंय, कळतंय." मग डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि दोरा टेकवलाच नाही. "आता?"

"कळतंय," ती म्हणाली.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

विनिताने विचारलं, ते विनेगर विषच आहे का? डॉक्टर म्हणाले, तसं नाही. पाण्यात चमचाभर घेतलं, भाजी धुतली, केस धुतले, तर बिघडत नाही. साखरेला थोडा उपयोग होतही असेल. पण ते गोळीच्या जागी चालत नाही. आणि कच्चं बांधून ठेवलं तर कातडी भाजते. ज्याला दुखतं तो ओरडून काढून टाकतो. ज्याला दुखत नाही तो बांधून ठेवतो.

तिला ठेवून घेतलं. सुया, सलाईन, रोज ड्रेसिंग. गौरी तिच्याशिवाय गेल्या. मी दूध घालून रोज तिथे जायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. कोणी नर्स घाईने चालली की उठून उभा राहायचो. सुनंदाच्या वेळी हेच बाक नव्हतं, हा दवाखानाही नव्हता, पण बसायची रीत तीच होती. पाठ टेकायची नाही.

शेवटी डॉक्टरांनी दादाला आणि मला बोलावलं. बोट जाणार होतं. पाय वाचत होता. बोटाच्या वर काही चढलं नव्हतं. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. मी त्यांना पुन्हा विचारलं. पाय वाचतोय ना? ते म्हणाले, वाचतोय. मी तिसऱ्यांदा विचारणार होतो, दादाने माझा दंड धरला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत न्यायच्या आधी नर्स आली. "मावशी, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी."

येसूबाईने मंगळसूत्र काढून विनिताच्या हातात दिलं. डाव्या पायातलं जोडवं सहज निघालं. उजवं त्या बोटात रुतलं होतं. बोट सुजून त्याच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं. नर्स कात्री घेऊन आली.

"तोडू नका," येसूबाई म्हणाली. "सुवासिनीचं जोडवं तोडत नायत."

"मावशी, बोटच काढायचंय."

"ते काढा. जोडवं तोडू नका." मग ती दादाला म्हणाली, "तुमी हायात ना? मंग तुमीच काढा."

चांगोदादाने इकडेतिकडे पाहिलं. सगळा वॉर्ड बघत होता. जन्मात तो बायकोच्या पायाशी बसला नव्हता. तो खाली फरशीवर बसला, धोतर आवरलं, नर्सकडून साबणाचं पाणी घेतलं आणि दोन बोटांनी जोडवं हळूहळू फिरवू लागला. एकदा त्याचा हात थांबला. "दुखतं काय गं?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्याच लक्षात आलं.

बराच वेळ लागला. नर्सनेही घाई केली नाही. जोडवं निघालं तेव्हा त्याने ते आपल्या सदऱ्याला पुसलं.

येसूबाई म्हणाली, "बाजूच्या बोटात बसतंय काय बघा. बाहेर आल्यावर त्यात घालीन."

त्याने ते मधल्या बोटात सरकवलं.

"बसलं?" ती म्हणाली.

"सैल नाय ना?" दादाने विचारलं.

"मला काय कळतंय?" येसूबाई म्हणाली. "तुमीच बघा."

दादाने मान खाली घातली आणि जोडवं बोटावर फिरवून बघू लागला, एकदा इकडून, एकदा तिकडून.