लवू वायरमनची शिडी

या मित्रांनो, जवळ या. आणखी थोडे पुढे सरका. माझा आवाज आता लांब पोचत नाही, आणि माईक तर माझ्याकडे कधीच नव्हता. या देवळामागच्या सावलीत घटकाभर टेका, म्हणजे तुम्हाला एक गोष्ट सांगते. ऐकून उठताना तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे. काय ते शेवटी सांगेन. कीर्तनातसुद्धा आरतीचं ताट शेवटीच फिरतं.

मी एक जुनी शिडी आहे. बांबूची, चौदा पायऱ्यांची. सहावी पायरी चिरलेली आहे आणि तिला काथ्याने आवळून बांधलं आहे. माझ्या अंगावर आता तोंडलीचा वेल चढला आहे. वेल हलका असतो. माणसांच्या वजनापुढे मला त्याचं ओझं वाटतच नाही, तरीही मी दमते. म्हातारपण म्हणजे काही न करता दमणं, हे मला इथे आडवं पडल्यावर कळलं.

माझा जन्म वालावलचा. खाडीच्या काठी माणगा जातीच्या बांबूचं एक दाट बेट होतं. बाबली नावाच्या कारागिराने अंधाऱ्या पंधरवड्यात माझे दोन बांबू तोडले, कारण चांदण्यात तोडलेल्या बांबूला किडा लागतो असं तिकडची जुनी माणसं सांगतात. मग तीन आठवडे त्याने मला खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवलं. खारं पाणी, गोडं पाणी, दोन्ही मी प्याले. नंतर चुलीच्या धुरावर सुकले आणि मग कुठे माझ्यात पायऱ्या बसल्या. शेवटची पायरी ठोकून झाल्यावर बाबली स्वतः माझ्यावर चढला, दोनदा उड्या मारल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "माझी शिडी मोडतली, पण माणसाक टाकूची नाय!"

ते गिऱ्हाईक म्हणजे लवू. मालवणातला वायरमन. त्याच्या कंपनीने दिलेली लोखंडी शिडी त्याला नको होती. "विजेच्या कामाक लोखंड? जीव काय वर इलो हा?" असं म्हणून तो मला सायकलला बांधून घेऊन गेला.

सोळा वर्षं मी त्याच्या खांद्यावर राहिले, मित्रांनो. लवूच्या तीन सवयी होत्या, आणि त्या मला पाठ झाल्या होत्या. आधी डीपीवर जाऊन फ्यूज काढायचे आणि आपल्या खिशात घालायचे. फ्यूज आपल्या खिशात, म्हणजे आपण खांबावर असताना कोणी चुकूनसुद्धा वीज सोडू शकत नाही. मग अर्थिंगची साखळी तारांवर टाकायची. एवढं करूनही कुठून वीज आलीच, तर ती साखळीतून जमिनीत जाते. आणि मग माझ्या पहिल्या पायरीला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा. तिसऱ्या सवयीची साहेबलोक थट्टा करायचे. मला मात्र त्या नमस्काराने बळ यायचं.

संध्याकाळी काम संपलं की लवू मला या देवळाच्या भिंतीला टेकवायचा आणि आत जाऊन कीर्तनकारांच्या मागे झांज घेऊन उभा राहायचा. त्यामुळे माझीही श्रवणभक्ती झाली. पूर्वरंगात मला कधी डुलकी लागायची, खोटं कशाला बोलू? पण उत्तररंगात कथा सुरू झाली की माझ्या पेरापेरात कान फुटायचे. देऊळ सांभाळायच्या सुभद्राकाकी. झाडलोट त्यांची, हार त्यांचे, आणि लवू जेवला की नाही याची काळजीही त्यांचीच.

आता मूळ कथेला येते.

त्या वैशाखात वादळ आलं. दीड दिवस समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं. वारा थांबला तेव्हा माड रस्त्यावर आडवे, आंब्यांचा अंगणात खच, आणि खांब असे वाकलेले की जणू सगळं शहर कुणाला तरी नमस्कार करतंय. वीज गेली ती गेलीच.

पहिले दोन दिवस लोक हसत होते. वाटण पाट्यावर आलं, पंख्याच्या जागी पुठ्ठे आले, विहिरींवर दोर आणि गप्पा परत आल्या. चौथ्या दिवशी बर्फ संपला आणि मासळी फेकावी लागली. पाचव्या दिवशी लोक फोन चार्ज करायला रिक्षावाल्यांच्या मागे हिंडू लागले. सहाव्या दिवशी हसणं संपलं. उकाडा, डास आणि टाकीत पाणी नाही. माणसं अशी दमली की भांडायचासुद्धा कंटाळा करू लागली.

आणि लवू? तो पहाटे निघायचा, दिवेलागणीला परतायचा, आणि परतताना प्रत्येक दारातून एकच प्रश्न यायचा.

"लवू, आमच्या खांबाक सुतक लागला काय रे?"

"दिवाळीक तरी येतली मा लाईट?"

"दिवाळीक फराळाक बोलव," लवू म्हणायचा, "तेव्हा संगती घेऊन येतंय."

पण त्याचे पाय माझ्या पायऱ्यांवर पूर्वीसारखे पडत नव्हते. माणूस किती थकला आहे हे त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या तळव्यांवरून कळतं. सातव्या दिवशी तो पायरीवर उभा राहूनच क्षणभर झोपला. आठव्या दिवशी तोंडवलीला काम करून परत येताना अर्थिंगची साखळी तिकडच्या खांबावरच राहिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

नववा दिवस देवळाच्या वर्धापनदिनाचा होता. दरवर्षी त्या दिवशी कीर्तन होतं आणि ते तोवर कधीच चुकलं नव्हतं. बुवा ऐंशीच्या घरातले, ते पिंगुळीहून दुपारीच येऊन बसले होते. त्यांचा आवाज आता मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, माईक हवाच. सुभद्राकाकींनी सकाळीच लवूला गाठलं.

"लवू, आज तरी लाईट येतली मा रे? बुवा इलेत. लोकांचे चेहरे बघ. एक दिवस देवाचा नाव कानार पडला तर जीवात जीव येतलो."

"संध्याकाळपर्यंत जोडतंय, काकी. नऊ दिवस झाले, माका पण झांज वाजवची आसा."

"आदी पेज जेव. मगे चढ."

तो उभ्याउभ्याच पेज जेवला. दिवसभर आम्ही पलीकडच्या आळीत तुटलेल्या तारा गोळा करत होतो, खांबावर चढायची वेळ आली नाही. संध्याकाळी पाचला आम्ही देवळाच्या कोपऱ्यावरच्या खांबाशी आलो. लवूने डीपीवरचे फ्यूज काढले, खिशात घातले, वरून खिसा थोपटला. मग साखळीसाठी पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी! तो तसाच उभा राहिला. तोंडवली लांब, ऊन उतरलेलं, कीर्तन तासाभरावर. "फ्यूज माझ्याकडे आसत," तो स्वतःशीच पुटपुटला, "मगे लाईट येतली खंयसून?" त्याने माझ्या पायरीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि तो चढला.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी त्याला अडवलं असतं.

तिकडे देवळात सुभद्राकाकींचा धीर सुटला होता. लवूचं काम होईल की नाही, कोण जाणे. म्हणून त्यांनी दीपेशला सांगून त्याच्या हॉटेलवरचा जनरेटर आणवला. दीपेश देवळाचा कार्यकर्ता, मनाने चांगला, हाताने घाईचा. दोन्ही टोकांना पिना लावलेली एक वायर त्याने जनरेटरमधून आणून देवळाच्या भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली, म्हणजे सगळ्या देवळाला एकदम वीज मिळेल. असं करण्याआधी मेन स्विच खाली ओढावा लागतो, नाहीतर जनरेटरची वीज उलटी बाहेरच्या तारेत शिरते. दीपेशला ते अर्धंमुर्धं ठाऊक होतं. तो मेनकडे वळलाही होता.

पण या देवळाची एक जुनी रीत होती. गाभाऱ्यात विजेवरचा एक लहानसा दिवा आहे, तोच देवाचा नंदादीप. तो आपल्या हाताने विझवायचा नाही. म्हणून या देवळाचा मेन स्विच वर्षानुवर्षं कोणीच ओढला नव्हता. त्याच्या दांड्याला दसऱ्याला हार घालत, हळदकुंकू लावत, पण खाली कोणी ओढत नसे.

"मेन ओढू नको रे," काकी म्हणाल्या. "देवाचो दिवो आपल्या हातान कोण बंद करता?"

"काकी, दिवो पेटता खंय? नऊ दिवस लाईट नाय."

"नसांदे पेटत. ता देवाचा देव बघीत. आपण हात लावचो नाय."

दीपेश थांबला. मोठ्या बाईचा शब्द. त्याने मेन तसाच ठेवला आणि जनरेटरचा दोर ओढला.

देवळासमोर लिलियनटीचर राहतात. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, लवूही त्यांच्याच हाताखालचा. त्या ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या होत्या. अचानक त्यांच्या डोक्यावरचा दिवा पिवळट पेटला. शेजारच्या घरातला पंखा कण्हत फिरला. आणि नऊ दिवसांची दमलेली आळी एका आवाजात ओरडली, "लाईट इली! लाईट इली रे!"

किती गोड आरोळी ती! ती ऐकायला आम्ही नऊ दिवस राबलो होतो. आणि त्या क्षणी तिच्याइतकं भयंकर दुसरं काही नव्हतं.

सगळे वर दिव्याकडे बघत होते. लिलियनटीचर एकट्या खांबाकडे बघत होत्या. त्यांच्या हातातला पुठ्ठा गळून पडला.

"लवू खांबार आसा!" त्या किंचाळल्या. "मगे लाईट दिली कोणी? बंद करा! जनरेटर बंद करा!"

वर लवूने आरोळी ऐकली. त्याच्या उजव्या हातात रबरी मुठीची पक्कड होती आणि पकडीत तार. त्याला काहीच उमगेना. त्याचा डावा हात आपोआप खिशाकडे गेला, फ्यूज आहेत ना ते चाचपायला. फ्यूज जागेवरच होते. आणि त्या गोंधळात तार पकडीतून निसटली, डाव्या हातावर आली. हातमोजा दोन बोटांवर फाटलेला होता.

ठिणगी मी पाहिली. लवूचं अंग एकदम ताठ झालं, मग मागे फेकलं गेलं. कमरेचा पट्टा खांबाला होता म्हणून तो खाली गेला नाही, पण पाय सुटले आणि त्याचं सगळं वजन एका झटक्यात माझ्या सहाव्या पायरीवर आदळलं. काडकन आवाज झाला. मी चिरले, मित्रांनो, उभी चिरले. बाबलीचा शब्द आठवला. बांबूचे जेवढे धागे शिल्लक होते, त्या सगळ्यांनी मी त्या माणसाला धरून ठेवलं.

देवळात दीपेश जनरेटरचं बटणच चाचपत राहिला. टीचरांची हाक कानी पडली आणि पुढे झाल्या त्या सुभद्राकाकी. ज्या दांड्याला त्यांनी जन्मभर फक्त हळदकुंकू लावलं होतं, तो त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढला. आळीतले दिवे विझले. मग त्यांनी जनरेटरही बंद करायला लावला, आणि देवाचाही दिवा विझला.

मग दीपेश रडत रडत माझ्यावरून वर चढला. मोडक्या पायरीवर मी दोघांचं वजन घेतलं. ते कसं घेतलं, ते मला विचारू नका.

लवू वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडली. त्या संध्याकाळी कीर्तन झालं नाही. रीत पहिल्यांदाच चुकली आणि कोणी तिचं नाव काढलं नाही. काकी गाभाऱ्यासमोर बसून होत्या. बुवा त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "सुभद्राबाई, उठा. देवाचा दिवा आज तुम्ही विझवलात म्हणून एका घरचा दिवा राहिला. देवाला यातलं कुठलं जास्त आवडलं असेल, ते मी तुम्हाला सांगायला हवं का?"

डोळ्यांना पदर लावून काकी दवाखान्यात पेज घेऊन निघाल्या.

लवू शुद्धीवर आला तेव्हा त्यांना म्हणाला, "काकी, चूक माझी पण आसा. साखळी इसारलंय."

"गप रे मेल्या," काकी म्हणाल्या. "पेज जेव."

कीर्तन दुसऱ्या दिवशी झालं. माईक नाही, जनरेटर नाही, एक समई. बुवा म्हणाले, "कीर्तनाला उजेड लागत नाही, जवळ बसावं लागतं." सगळी आळी अशी दाटीवाटीने बसली की मागची रांग उरलीच नाही. वीज आली ती तेराव्या दिवशी. दुसऱ्या कुणीतरी जोडली.

त्यानंतर लवू खांबावर चढला नाही. तो आता कचेरीत टेबलावर बसतो आणि तक्रारींचे फोन घेतो. कीर्तनाला येतो. उरलेल्या तीन बोटांनी झांज धरतो, तिचा आवाज जरा दबका येतो, पण मला तोच गोड लागतो. कंपनीने नव्या वायरमनना फायबरच्या चकचकीत शिड्या दिल्या. मी इथे मागे राहिले. मला चुलीत घालायचं कोणीतरी सुचवलं होतं, पण काकींनी त्या माणसाला असं काही सुनावलं की तो महिनाभर देवळाकडे फिरकला नाही. मग त्यांनी हा वेल माझ्यावर सोडला.

आता देवळात जनरेटर लावायची वेळ आली की काकी आधी स्वतः जाऊन मेन ओढतात, गाभाऱ्याकडे वळून हात जोडतात, मग बाहेर येऊन खांबावर कोणी नाही ना ते बघतात. तेव्हा कुठे दीपेश दोर ओढतो.

मी फार बोलले. दमले. पण सुरुवातीला म्हटलं होतं ते मागून घेते. तुमच्याही गावात वादळ येईल, वीज जाईल, चार दिवस येणार नाही. घरात जनरेटर लावलात तर आधी मेन ओढा, मोठ्यांनाही ओढायला सांगा. आणि मग कधीतरी अचानक दिवा पेटेल. तुम्ही आनंदाने ओरडाल, "लाईट आली!" जरूर ओरडा. त्यासाठीच कुणीतरी राबलेलं असतं. पण ओरडून झालं की एकदा बाहेर या, खांबाकडे बघा, आणि झांज वाजवण्यासाठी घाई केलेल्या लवूची आठवण करा.