इलंडच्या छातीचं माप

माझी सून शहनाज रोज चहाबरोबर वही पुढे ढकलते. "बाबा, ओमानचं ते एकदा लिहाच." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला कसली वही देता? लिहितो, पण मागाहून "म्हणजे नक्की काय झालं" असं विचारायचं नाही. मला ठाऊक नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी इब्रीच्या पलीकडे एका अर्बाबकडे, म्हणजे अरबी मालकाकडे, कामाला होतो. त्याने वाळूत कुंपण घालून आफ्रिकेची हरणं पाळली होती, आणि त्यातलं एखादं गेलं की ते जिवंत असल्यासारखं उभं करून त्याला मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, हवं असे. कातडं सोलायचं माझ्याकडे, मी रत्नागिरीच्या खाटकाचा मुलगा. आतला पुतळा जनार्दनकडे, तो पेणचा, गणपती घडवून आलेला. मी त्याच्या हातची सोलकढी प्यायचो, तो माझी बोलणी खायचा. सुखाचे दिवस होते.

त्या मार्चमध्ये एका इलंडचा पाय मोडला. इलंड म्हणजे बैलाएवढं हरिण. अर्बाबने स्वतः गोळी घातली. मी सुरी घेऊन गळ्याकडे गेलो, बापजाद्यांची सवय. त्याने माझं मनगट धरलं. गळ्यावर चीर नको, टाके दिसतात. माझ्या मते गळ्यातलं रक्त वाहून थांबलं की जनावर गेलं. हे गेलं असं कशावरून म्हणायचं? पण अर्बाबपुढे कोण बोलणार.

उन्हात कातडं लवकर केस सोडतं, म्हणून तिथंच पिकअपला ताडपत्री बांधून तिच्या सावलीत बसलो. आधी मापं. आकडे लिहायचा मला कंटाळा, मी सुतळीला गाठी मारायचो आणि त्या गाठींवरून जनार्दन पुतळा करायचा. छातीला सुतळी वेढली तेव्हा ती बोटांखाली ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली. वारा असेल म्हटलं, आणि ताणलेली असताना गाठ मारली. मग पाठीवरून चीर देऊन, पापणीच्या आत बोट घालून, ओठ नि कान उलटे करून अख्खं कातडं खुरांसकट सोडवलं आणि मिठात घातलं. इतकं साफ काम मी पुन्हा केलं नाही.

पुढे कातडं पुतळ्यावर चढवलं तर पाठीची शिवण चार बोटं उघडी.

"जाफरभाई, श्वास भरलेल्या जनावराचं माप घेतलंत काय?" जनार्दन म्हणाला, तेही अर्बाबसमोर.

"तुझा पुतळा फुगलाय."

"मी पेणचा. पोट किती फुगवायचं ते मला कळतं. गाठ तुमची आहे."

अर्बाबने सुतळी लावून पाहिली. पुतळा गाठीबरहुकूम होता. जुम्म्यापर्यंत शिवण मिळाली नाही तर मी विमानात, खलास, असं म्हणून तो गेला. घरी जायचं दुःख नव्हतं. पण खोट्या हाताचा म्हणून जायचं?

कातड्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं. काढलेलं कातडं आवळतं, आपण होऊन वाढत नाही, कुणालाही विचारा. गुरुवारी दुपारी फडकं काढलं तर शिवणीच्या कडा एकमेकींवर आलेल्या. मी विचार न करता दाभण घेतलं आणि शिवून टाकलं. अर्बाब खूश. माझी नोकरी राहिली.

जनार्दनला मात्र मला दाखवायचंच होतं. तीच सुतळी इलंडच्या छातीला वेढली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. "धर. पुरते की नाही सांग."

गाठ बरोबर बसली. तो काही बोलणार तोच सुतळी आमच्या हातांत हळूच चार बोटं सैल पडली, आणि सावकाश पुन्हा भरली.

"पंखा आहे," तो म्हणाला.

पंखा बंद होता. तरी त्याने टोक सोडलं नाही. ओठ हलवत सात-आठ वेळा मोजलं, मग सुतळी खाली ठेवली आणि हात धुवायला गेला.

पुढे नऊ वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, चांगली गेली. मजलिसमध्ये पाहुणे इलंडला पाठ टेकून कावा, ती अरबी कॉफी, प्यायचे, आणि त्यांच्या पाठी हळूहळू पुढे येऊन मागे जायच्या. मी बघायचो, तोही बघायचा. माझं माप बरोबर होतं हे त्याने स्वतःच्या हातांनी मोजलंय. तरी माझी माफी अजून मागितलेली नाही ती जनार्दनने.