चामड्याच्या खोलीतली खंडेनवमी

मोतीलालशेठच्या जोड्यांच्या कारखान्याला पुढून दोन दारं होती. मागं कारागीर बसत त्या खोलीला मात्र आत यायच्या दाराशिवाय साधं भोकही नव्हतं. कुंडीत भिजलेलं चामडं, आंबलेली खळ आणि कोंडलेला उकाडा. तिथं बसून बसून सुपडूला असा खोकला लागला, की टाका घालताना हातातली आरी हलायची. त्याची बायको धुरपदाबाई शेजारी बसून जोड्यांना दोरा भरी. तिला नवऱ्यासाठी एक खिडकी हवी होती.

ती मागायला गेली तेव्हा शेठ पेपर वाचत होता. हैदराबाद संस्थान नुकतंच देशात आलं होतं.

"अगं, राज्यंच्या राज्यं एक होऊन राहिली, आन् तुला खिडकीची पडली?"

"एक झाली ते बेस झालं, शेठ. पण हवा अजून बाहेरच आहे."

शेठ हसला. भिंत काही हलली नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा शेठच्या हातची. समई आपसूक विझेपर्यंत पाटावरून उठायचं नाही, ही त्याच्या बापानं घालून दिलेली रीत. दरसाल पूजा पुढं दुकानात व्हायची. यंदा धुरपदाबाईनं ती मागच्या खोलीत मांडली. हत्यारं राबतात तिथंच त्यांचा मान, असं तिनं शेठच्या आईला आधीच पटवलं होतं. समईत तेल काठोकाठ घातलं.

आरती झाली. कारागीर प्रसाद घेऊन ओट्यावर आले, शेठ आत कुंडीशेजारी एकटा. आधी सदरा पाठीला चिकटला, मग उपरणं नाकाला लागलं, मग खोकला ऐकू आला.

"माझाच दिसतो," सुपडू म्हणाला. "ओळखीचा आहे."

"धुरपदा, ही समई कधी विझते गं?" आतून हाक आली.

"देवाचं काम आहे, शेठ. फुंकर कशी मारणार?"

समई शांत झाली तसा शेठ लालबुंद होऊन बाहेर आला, तांब्याभर पाणी प्याला आणि पहार आणा म्हणाला. कोणी उठेना. पहारही पूजेत होती; दसऱ्यापर्यंत तिला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा शेठही मुकाट्यानं ओट्यावर वाऱ्याला बसला.

दसऱ्याच्या सकाळी शेठनं पहिलं हत्यार उचलायचं आणि त्यानंच पहिलं काम करायचं. एरवी तो रापीनं चामड्याला एक छेद देई. त्या दिवशी त्यानं पहार उचलली. भिंत फुटली, टोपी मातीनं भरली आणि भोकातून पहिल्यांदा आत डोकावलं ते शेजारच्या म्हशीचं तोंड. सगळे हसले, शेठही.

म्हैस बाजूला झाली, वारा आत आला. धुरपदाबाईनं आपलं बसायचं पोतं उचलून भोकाखाली टाकलं, जरा विचार केला आणि त्यावर सुपडूला बसवलं.