पाहुण्यांसाठी धुतलेली खाडी

२००१ साली माझ्या सगळ्या मैत्रिणी हडपसरला कॉम्प्युटरपुढे बसायच्या आणि मी शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत चिखल कालवायची. "इंजिनिअर होऊन हेच करायचं होतं का गं, अपेक्षा?" असं त्यांतली दीपमाला रोज चिडवायची. मी यवतमाळची. प्रयोगशाळेच्या शेडमध्ये बांधलेल्या सिमेंटच्या नमुना-खाडीखेरीज दुसरी खाडी मला ठाऊक नव्हती. तिच्यात मात्र माझा जीव अडकला होता.

कोकणातल्या एका खाडीकाठचं खाजण, म्हणजे भरतीत बुडणारी गवताळ दलदल, लाटांनी झिजत चाललं होतं. तिथे दगडी भिंत घालायचं घाटत होतं. भिंत झाली की उरलंसुरलं खाजणही संपणार. माझं म्हणणं, गवत पुन्हा लावा, गाळ भरतीच आणून देईल. ते पटवायला मी मॉडेलच्या अर्ध्या काठावर गवत म्हणून खराट्याच्या काड्या दाटीने रोवल्या, अर्धा उघडा ठेवला आणि पंपाने गढूळ पाण्याची भरती-ओहोटी चालवली. महिन्याभरात काड्यांमध्ये बोटभर गाळ बसला.

निर्णय घ्यायला मुख्य अभियंता उत्तरेश्वर जाधव येणार होते. त्या सकाळी मी शेडमध्ये शिरले, तर समोर आमचे यज्ञेश्वर सर, पक्के नारायण पेठेतले, पाण्याचा पाइप घेऊन उभे. खाडी लख्ख धुतलेली! काड्या तेवढ्या घट्ट होत्या म्हणून वाचल्या.

"पाहुण्यांना काय चिखल दाखवायचा?"

"सर, तोच तर दाखवायचा होता!" मी ओरडलेच.

सरांचा चेहरा उतरला. मला इतका संताप आला होता की त्यांची कीवही येईना.

तेवढ्यात जाधवसाहेब आले. "गाळ कुठंय?"

"मी धुतला," सर म्हणाले. "आपण थांबत असाल तर पुन्हा बसवून दाखवतो." आणि त्यांनी पंप सुरू केला.

गढूळ भरती काठावर चढली. ओहोटी लागली. उघड्या काठावरून पाणी तसंच गढूळ परतलं, काड्यांमधून निवळून आलं. साहेब बूट काढून आत उतरले आणि काड्यांमध्ये बोट फिरवून पाहिलं. बोटाला सायीसारखा गाळ लागला.

"एका भरतीत?"

"हो. आणि तिथे रोज दोन येतात," मी म्हणाले.

साहेबांनी बोट रुमालाने पुसलं. "भिंत थांबवतो. आधी गवत लावू."

मला रडूच फुटलं.

"बाहेर जाऊन रडा," सर म्हणाले. "इथलं पाणी मोजलेलं आहे."