अधोलीवरची शीग

येसूबाईनं लाकडी अधोली तांदळाच्या ढिगात खुपसली, भरून वर काढली आणि वरून एक ओंजळ सोडली. काठाच्या वर तांदळाची टोकदार शीग उभी राहिली. चार दाणे घरंगळून गोणपाटावर पडले.

"लाभ," ती म्हणाली. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं.

अधोली गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिकामी व्हायच्या आधीच मध्ये एक हात आला. कडक इस्त्रीची बाही, गळ्यात ओळखपत्र.

"हे माप कुणाचं?"

"माझं. दुसऱ्या कुनाचं असनार?"

"यावर शिक्का कुठाय?"

येसूबाईनं अधोली फिरवून दाखवली. "शिक्का नाय. पितळंचं कडं हाय. सासऱ्यानं बसवलंय."

तो वजनमापं तपासणारा निरीक्षक होता. तिशीचा, बोलणं अगदी सभ्य, आणि तेच जास्त झोंबत होतं. लाकडी मापानं धान्य विकायला कायद्यात परवानगी नाही, तांदूळ किलोवर विकायचा, काटा ठरलेल्या मुदतीत तपासून शिक्का मारून घ्यायचा, असं सगळं त्यानं शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. शेजारी येसूबाईची सून हर्षला मेथीच्या जुड्या लावत बसली होती. तिला राहवेना.

"साहेब, मोजून तर बघा. कमी भरलं तर खुशाल दंड करा."

त्यानं मोजलं, स्वतःच्याच काट्यावर. सपाट अधोली दोन किलो भरली. शिगेसकट दोन किलो एकशे साठ ग्रॅम. येसूबाई पैसे घ्यायची ते दोन किलोचे, आणि तेही कर्जतच्या या बाजारात बसायला लागल्यापासून.

"बघा!" हर्षला म्हणाली.

"जास्त आहे, दिसतंय मला. पण माप प्रमाणित नाही. कमी काय आणि जास्त काय, कायद्याला दोन्ही सारखंच."

"आणि दुकानातल्या पाकिटात कमी निघालं तर?"

"त्यात थोडी सूट असते. मशीनवर भरताना जरा इकडंतिकडं होतंच."

"मशीनचं इकडंतिकडं चालतं, आन् माझ्या हाताचं नाय व्हय?" येसूबाई म्हणाली. "वा रं कायदा!"

अधोलीतला तांदूळ त्यानं एक दाणाही न सांडता ढिगात परत ओतला, अधोली पिशवीत घातली, जप्तीची पावती फाडून तिच्या हातात दिली आणि पुढच्या गाड्याकडं गेला.

आता बोला! बाजारात लबाड कमी होते का? वजनाचे दगड घासून हलके करणारे होते, तागडीच्या बुडाला चुंबक चिकटवणारे होते, त्यांना सगळा बाजार नावानिशी ओळखत होता. त्यांच्यासाठी दिल्लीत बसून कायदा केला, आणि त्यात सापडली कोण, तर मापाच्या वर देणारी बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दंड भरून झाला. हर्षलानं नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्यावर शिक्का मारून घेतला. येसूबाईनं जप्तीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या काट्याखाली ठेवली आणि दात आवळून मोजायला लागली. किलो म्हणजे किलो. आकडा वर गेला की चिमटीनं दाणे उचलायचे, खाली आला की चिमटीनं टाकायचे. 'लाभ' म्हणणंही तिनं सोडून दिलं. काट्यावर आकडा दिसतोच, त्याला कशाला लाभ म्हणायचं?

गिऱ्हाइकं पिशवी उघडी धरून जरा थांबायची आणि मग निघून जायची. दुसऱ्या बाजाराला त्यातली निम्मी आली नाहीत. एक जण तोंडावर म्हणाली, "शीगच नाय तर पाकीट काय वाईट? खडं तरी नसतात."

"आई, वजन झाल्यावर एक मूठ टाकत जा की," हर्षला म्हणाली. "कोन बघतंय?"

"चोरून देऊ? मी भीक घालत नाय गं कुनाला. शीग मापाची असते. ज्यानं माप घेतलं त्याचा हक्क तो. उघड्यावर द्यायची, सगळ्यांच्या देखत."

"मग असाच राहू दे तांदूळ. शिमग्यापर्यंत खपला नाय तर गिरणीवाल्याच्या दारात टाकू, तो देईल त्या भावानं. आन् पुढल्या वर्षी हितं बसायलाच नको."

त्या दिवशी घरी परत जाताना एक गोणी जास्त होती, आणि ती येसूबाईलाच उचलायला लागली.

चौथ्या बाजाराला भिसेगावची सोनाबाई आली. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. गुडघे धरले म्हणून दोन महिने घराबाहेर पडली नव्हती.

"पोराला घेऊन आले बघ पिशवी उचलायला. सरकारी साहेब हाय, पन आज माझा हमाल! ये रं साईराज, असा लांब काय उभा ऱ्हातोस?"

साईराज पुढं आला. आज गळ्यात ओळखपत्र नव्हतं, बाहीची इस्त्री मात्र तीच. त्यानं येसूबाईला ओळखलं, तिनं त्याला. हर्षलाच्या हातातली जुडी हातातच राहिली.

"पाच अधोल्या घाल गं," सोनाबाई म्हणाली.

येसूबाईनं काट्यावर तांदूळ ओतला. दहा किलो आणि वर थोडा झाला. तिनं चिमटीनं दाणे उचलले, पुन्हा उचलले, बरोबर दहावर आणला आणि पिशवीत ओतला.

सोनाबाई पिशवी उघडी धरून थांबली.

"शीग?"

"शीग नाय आता."

"का गं? येवढ्या वर्सांत असं कधी केलं नाय तू. माझं काय चुकलं का?"

म्हातारीचं काय चुकलं होतं? येसूबाईचा हात ढिगात गेला, मूठ भरली. मग तिनं साईराजकडं पाहिलं. तो काट्यावरच्या शून्याकडं बघत होता. तिनं मूठ तिथंच सोडली, काट्याखालची पावती काढली आणि सोनाबाईपुढं धरली.

"माझी शीग हाफिसात जमा हाय, सोनाबाय. ही पावती."

सोनाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद खालीवर करून बघितला आणि मुलाच्या हातात दिला.

"वाच रं, काय लिवलंय."

"आई, घरी गेल्यावर सांगतो."

"हितंच वाच. मोठ्यानं."

शेजारचे दोन गाडेवाले बघायला लागले. साईराजनं घसा साफ केला.

"लाकडी माप," त्यानं वाचलं. "नग, एक."

"आन् खाली सही कुनाची?" सोनाबाईनं विचारलं.

तिनं पिशवीचं तोंड अजून उघडंच धरलं होतं.